तोल गेला नव्हता

नाशिकरोड
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

शेखर,

रविवार, १४ डिसेंबर २०२५, सकाळी सव्वानऊ. हाडांच्या दवाखान्यात, माझ्या स्ट्रेचरच्या उजव्या बाजूला उभा राहून तू त्या तरुण डॉक्टरांना म्हणालास, "वय झालंय हो ताईचं. तोल गेला."

तडा माझ्या मनगटाला गेला होता, कानाला नाही. मी ते ऐकलं. हनुवटीला टाके घालणं चाललं होतं, म्हणून मला तोंड उघडता आलं नाही. अशी वेळ माझ्यावर आयुष्यात प्रथमच आली आणि तू तिचा फायदा घेतलास.

डॉक्टरांनी तुझं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवलं. तो कागद तू हर्षालीला पुण्याला पाठवलास. तेव्हापासून तुझी मुलगी मला रोज फोन करते आणि लहान मुलाशी बोलावं तशी बोलते. "आत्या, सायकल आता बास हं." अकरा जानेवारीच्या रविवारी ती गाडी घेऊन येणार, मला सामानासकट इंदिरानगरला तुमच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवणार, सायकल विकून टाकणार आणि माझं घर भाड्याने देणार, असं ठरलं आहे म्हणे. भाडेकरूसुद्धा बघून ठेवला आहे. घरमालकिणीला विचारायची पद्धत तुमच्याकडे नसावी.

मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसले. "फोनमधून काही ऐकू येत नाही" असं सांगत येणाऱ्या माणसाला "तुमचे कान गेलेत, काका" असं मी कधी म्हटलं नाही. आधी लाइन तपासायला माणूस पाठवायचे. तू माझी लाइन तपासली नाहीस. सरळ कान गेले असं लिहून दिलंस.

माझा तोल गेला नव्हता. पायडलने दगा दिला. मी उभी होते, पायडल खाली रिकामं गेलं आणि मग मी पडले. या क्रमाला महत्त्व आहे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने. इंदिरानगर इथून फार लांब नाही, पण उजव्या हातात पट्टी असताना मी रिक्षात हेलकावे खात तुझ्या दारात तक्रार घेऊन येणार नाही. डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाईट आहे. मनमाडच्या शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट आज असत्या तर त्यांनी मला हे पान पुन्हा लिहायला लावलं असतं, आणि तुला कोपऱ्यात उभं केलं असतं.

ते वाक्य मागे घे.

मालिनी


नाशिकरोड
सोमवार, २९ डिसेंबर

शेखर,

काल उज्वला डिंकाचे लाडू घेऊन आली. लाडू उत्तम होते. उत्तर म्हणून अपुरे.

माझं पत्र तुला मिळालं का, असं तिला विचारलं. म्हणाली, "मिळालं. वाचलं. मग हे बाल्कनीत जाऊन बसले." पुढे विचारलं तर पदराने चष्मा पुसायला लागली. तुझी बायको चष्मा पुसायला लागली की काहीतरी लपवते आहे, हे मला तुमच्या लग्नापासून ठाऊक आहे.

असो. तू विचारणार नाहीसच, म्हणून त्या सकाळी काय झालं ते मीच लिहिते.

अंधार असतानाच निघाले. अंगात दोन स्वेटर, डोक्याला तुझी जुनी कानटोपी. निफाडपर्यंत जायचं, त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खायची, परत यायचं. हा रस्ता आपण दोघांनी किती हिवाळे केला, ते तुला सांगायला नको. तुझ्या हृदयाच्या बायपासनंतर मी एकटी जाते. एकटी जाते याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही, हेही नोंदवून ठेव.

त्या दिवशी गारठा वेगळा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात निफाडचा पारा चारावर आल्याचं छापून आलं. माझी बोटं हँडलवर लाकडासारखी झाली होती. चांदोरीच्या अलीकडच्या उतारावर मी पाय थांबवले आणि सायकल नुसती सोडली, नेहमी सोडते तशी. उतार संपला, चढ लागला. मागून लासलगावकडे कांदा घेऊन चाललेला ट्रॅक्टर भोंगा वाजवत आला. चटकन बाजूला व्हावं म्हणून जोर लावायला मी पायडलवर उभी राहिले, आणि पायडल पाण्यात पाय घालावा तसं खाली गेलं. साखळी जागेवर होती. फिरत होती. मागचे दाते फिरत होते. चाक फिरत नव्हतं. मी उजव्या मनगटावर आणि हनुवटीवर आले.

शेजारच्या द्राक्षबागेत बांधाबांधाने शेकोट्या पेटल्या होत्या. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून तिथे लोक पहाटेपासून धूर करतात. तिथून एक बाई धावत आली. लंकाबाई नाव. मला उठवून जाळापाशी बसवलं, सायकल ओढत आणून तिथेच टेकवली, हनुवटीला स्वतःचा धुतलेला रुमाल बांधला आणि मग पायडलला हाताने एक फेरी मारून बघितली. "बाई, ह्ये तर नुसतंच फिरतंय. चाक लय हट्टी हाय तुमचं, ऐकतच नाय."

मी तुला फोन केला. तू येईपर्यंत तिने चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर तिने गंमत म्हणून पुन्हा पायडल फिरवलं, तर चाक असं जोरात फिरलं की तिच्या लुगड्यावर चिखल उडाला. ती हसली. "थंडीनं आखडलं व्हतं जणू. माझ्या गुडघ्यावानी. शेकलं की चालतं."

तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही. रक्त थांबत नव्हतं. पण परवा सकाळी पट्टीतून बाहेर आलेली माझी बोटं उघडेनात, म्हणून मी ती गॅसजवळ धरली, आणि ती एकेक करून सुटायला लागली, तेव्हा लंकाबाईचं वाक्य आठवलं. मी दूध उतू जाऊ दिलं आणि खुर्चीत बसले.

थंडीत अडकलं. शेकल्यावर सुटलं. म्हाताऱ्या बाईचा तोल शेकोटीने जागेवर येत नाही, शेखर.

आता प्रश्न विचारते, आणि त्याचं उत्तर मला लाडवांत नको. गेल्या खंडेनवमीला माझी सायकल पुजायला म्हणून तू घेऊन गेलास. परत आणलीस तेव्हा तिला झेंडूची माळ होती, हळदकुंकू होतं, आणि मागच्या चाकाची टकटक बंद झाली होती. पाय थांबवल्यावर ती जी टकटक करते ती. मी म्हटलं, किती गुणी झाली सायकल, आवाजच करत नाही. तू खूश होऊन हसलास.

माझ्या मागच्या चाकाच्या हबमध्ये, मधल्या त्या नळकांड्यात, तू काय भरलंस?

मालिनी


नाशिकरोड
रविवार, ४ जानेवारी २०२६

शेखर,

तू सांगितलं नाहीस. म्हणून मी हब उघडला.

एका हाताने उघडता येत नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. पट्टी बांधलेल्या हाताने चाक मांडीवर धरायचं आणि डाव्या हाताने पाना फिरवायचा, असं करून बघितलं. चाक फिरलं, पाना फिरला, मी फिरले, नट तसाच. दुसऱ्या दिवशी उज्वलाला फोन केला की ये, काम आहे, आणि चांगली साडी नेसू नकोस. ती आली. तुझ्याशी बेइमानी करते आहे असं तिला वाटू नये म्हणून मी तिला फक्त चाक धरायला सांगितलं. पण पहिला नट सुटल्यावर तिला स्वतःलाच चेव आला. दुसऱ्या बाजूचा तिनेच सोडवला. दातओठ खाऊन.

अ‍ॅक्सल बाहेर आला. दात्यांचा भाग ओढला, तो सहज येईना. शेवटी आला तेव्हा उज्वलाने नाक मुरडलं. "अगं बाई, हे तर श्रीखंड भरलंय."

श्रीखंड नाही. मातकट पिवळं, बोटाला चिकटलं की धुतलं जात नाही असं. तुझ्या अंबडच्या कारखान्यातल्या मोठ्या मशिनांचं ग्रीस. निवृत्तीच्या दिवशी तू आणलेला तो डबा. त्या ग्रीसात, आत, तीन लहानशी पोलादी जिभा असतात. तुझे मेकॅनिक मित्र त्यांना कुत्री म्हणतात. पाय थांबवले की ती मिटून बसतात, पायडल मारलं की केसासारख्या बारीक स्प्रिंगने उठून दात्याला चावतात आणि चाक ओढतात. ती चावली तरच सायकल चालते. तुझ्या श्रीखंडात तिन्ही चिडीचूप मिटून बसली होती. मी सुईने एकेक उचलली, ती मुंगीच्या गतीने वर आली. आणि ही माझ्या स्वयंपाकघरातली, दुपारी दोनची ऊब. निफाडच्या रस्त्यावर पहाटे काय झालं असेल ते तू इंजिनियर माणूस आहेस, मी कशाला सांगू.

तरी मी सांगतेच, कारण मी अंदाजावर तक्रार करत नाही. अख्खं चाक फ्रीजमध्ये मावत नाही. दात्यांचा भाग मावतो. तो ग्रीससकट डब्यात घालून कोथिंबिरीच्या शेजारी रात्रभर ठेवला. सकाळी बाहेर काढून कुत्री मिटवली. मिटलेलीच राहिली. एकही उठली नाही. मग सगळं टर्पेंटाइनने धुतलं, ब्रशने घासलं, कोरडं केलं. हे करताना एक स्प्रिंग उडाली आणि कपाटाखाली गेली. मी पोटावर झोपून, फ्रीजवरचं गणपतीचं चुंबक दोऱ्याला बांधून ती बाहेर काढली. त्या वेळी हर्षालीचा फोन आला. काय करतेस आत्या, म्हणाली. मी म्हटलं, आराम. नंतर शिलाई मशिनच्या पातळ तेलाचे थेंब टाकले आणि पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलं. आज सकाळी काढलं. टक, टक, टक. तिन्ही जागी. ज्यात बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या कडांना हलकं ग्रीस लावलं, तिथे ते लागतंच. कुत्र्यांना फक्त तेल.

शेखर, अण्णा तेलच घालायचे.

मनमाडच्या क्वार्टरमध्ये खंडेनवमीला ते घरातलं सगळं लोखंड ओट्यावर मांडायचे. विळी, अडकित्ता, आईचं शिलाई मशिन, त्यांची सायकल, तुझी तीनचाकी. लोखंडाला तहानलेलं ठेवू नये, म्हणायचे. लोको शेडमध्ये आयुष्य गेलेला माणूस. ग्रीस त्यांच्याकडे मण मण होतं, तरी घरच्या वस्तूंना त्यांनी ते कधी लावलं नाही. काडीने तेल. आणि सगळं झाल्यावर ज्याची वस्तू त्याला हाक मारायचे. शेवटचा नट त्यानेच आवळायचा. तू इतका लहान होतास की तुझ्या मुठीत पाना मावत नव्हता, तरी तुझ्या तीनचाकीचा शेवटचा नट तू आवळलास. अण्णा बाजूला उभे राहिले. हात लावला नाही.

यंदा माझ्या सायकलचा शेवटचा नट तू मला न बोलावता आवळलास.

आता उज्वलाने सांगितलेलं लिहिते. तिच्यावर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे. आज सकाळी ती पुन्हा आली होती, फ्रीजमधून काढलेल्या त्या भागाची टकटक तिने ऐकली. हात धुवायला गेली, नळ चालू ठेवून उभी राहिली. मग पाठ वळवूनच म्हणाली, "ताई, यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

दवाखान्याच्या आवारात तू गाडीच्या टपावरून माझी सायकल उतरवलीस. ती वाटेतल्या वाऱ्याने पुन्हा गारठली होती. तू पायडल फिरवलंस. नुसतंच फिरलं. तू तिथेच पायरीवर बसलास आणि उज्वलाला म्हणालास, "हे मी केलं." मग उठून आत आलास, आणि डॉक्टरांना सांगितलंस की वय झालंय.

हे पान मी दुपारी लिहायला घेतलं होतं. इथपर्यंत आले आणि पेन ठेवलं. आता रात्री पूर्ण करते आहे.

मालिनी


नाशिकरोड
बुधवार, ७ जानेवारी

शेखर,

तीन दिवस मी तुझ्यावर रागावण्याचा व्यवस्थित प्रयत्न केला. जमलाही. पण रागाची जागा बदलली आहे, म्हणून हे पत्र.

ग्रीस भरलंस त्याचा राग नाही. तुला स्वतःला सायकलवर बसता येत नाही, म्हणून माझीच नीट करून द्यावी असं तुला वाटलं असणार. घरात होतं त्यातलं सगळ्यात भारी ते भरलंस. आपल्या घरात माया अशीच करतात, दाबून. राग याचा आहे की ते गोठलं हे कळल्यावर तू दोष माझ्या वयावर ढकललास, कारण वयावर कोणी फिर्याद करत नाही. तुझी मान सुटली. माझं घर, माझी सायकल आणि माझी सकाळ त्यात गेली. हर्षाली वाईट मुलगी नाही. तिला बापाने सांगितलं ते तिने खरं मानलं. आता बापानेच तिला दुसरं सांगायला हवं. मी सांगितलं तर ती "हो हं आत्या" म्हणेल आणि पेट्या भरायला घेईल.

मला माफी नको. माफी मागून तू रडशील, मग उज्वला रडेल, मग मला चहा करावा लागेल. मला दुरुस्ती हवी.

आज दुपारी तू डॉक्टरांकडे गेला होतास तेव्हा मी इंदिरानगरला येऊन गेले. पट्टी निघाली आहे. भिंतीवर टांगलेली तुझी सायकल मी उज्वलाच्या देखत उतरवली आणि तिचं मागचं चाक घेऊन आले. रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, बाकीची सायकल कुठाय?" मी सांगितलं, ती घाबरून घरी बसली आहे.

तुझ्याही हबमध्ये तेच श्रीखंड निघालं. दर खंडेनवमीला भरत गेला असशील, थरावर थर. बायपास झाल्यावर सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तुला सपाट रस्त्यावर सायकल चालवायला परवानगी दिली होती. उज्वलाने मला हेही सांगितलं. तू ती परवानगी माझ्यापासून लपवलीस आणि सायकल खिळ्याला टांगलीस. दोन वर्षं मी निफाडच्या रस्त्यावर तुझ्या कानटोपीशी बोलत गेले, आणि तू घरात चांगल्या सायकलला ग्रीस भरत बसलास. तू मला म्हातारी म्हणतोस. मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे आणि मी टांगलेली नाही.

तुझं चाक मी धुतलं. तिन्ही कुत्री मोकळी केली, तेल दिलं. रात्री बाहेर गच्चीवर ठेवून पहाटे फिरवून बघणार आहे. बोलेल. मला खात्री आहे.

आता माझी मागणी.

तू तुझ्या हाताने कागदावर लिहायचं. फोनवर टाइप केलेलं चालणार नाही, उज्वलाकडून लिहून घेतलेलंही नाही. मजकूर असा: खंडेनवमीला मी ताईच्या हबमध्ये जड ग्रीस भरलं. थंडीत ते गोठलं, म्हणून पायडल रिकामं गेलं आणि ती पडली. तिचा तोल गेला नव्हता. एवढंच. पुढे काही जोडायचं नाही. विशेषतः "काळजीपोटी" हा शब्द आढळला तर मी कागद परत करीन. रविवारी हर्षाली आली की तिच्यासमोर तूच तो वाचायचा. त्यानंतर मी कुठे राहायचं ते मी तिला सांगेन, आणि ते तुला माहीत आहे.

वाचून झालं की तिने गाडी घ्यावी आणि आपल्या मागे हळूहळू यावं. तू नांदूर नाक्यापर्यंत ये. रस्ता सपाट आहे. ऊन चढल्यावर निघू, तू निमित्त काढायला नको. तिथून वाटल्यास गाडीत बस. मी पुढे चांदोरीला जाईन. लंकाबाईचा रुमाल धुऊन इस्त्री करून ठेवला आहे, तो द्यायचा आहे. त्या चढावर मी पुन्हा पायडलवर उभी राहणार आहे. खोटं कशाला लिहू, त्या चढाची मला भीती वाटते. तरी उभी राहणार आहे, आणि मागे ओळखीचं कोणी असलं तर मला चालेल.

उत्तर मिळालं की मी त्याखाली "तक्रार निकाली" असं लिहून सही करीन आणि या विषयावर पुन्हा बोलणार नाही. तीस वर्षांत त्या दोन शब्दांनंतर मी कोणाचीही फाइल पुन्हा उघडलेली नाही.

मुदत शनिवार, १० जानेवारी, संध्याकाळी सहापर्यंत. पोस्टाने पाठवू नकोस, वेळेत पोचणार नाही. स्वतः आणून दे, आणि येताना पाना घेऊन ये. तुझ्या चाकाचा शेवटचा नट मी नुसता बोटांनी बसवून ठेवला आहे. मुदत वाढवून मिळणार नाही.

मालिनी